पाळण्याच्या आमंत्रणाची छपाई

अशी कल्पना करा, की तुमच्या घरी तान्हा भाऊ आलाय. शनिवारी त्याला पाळण्यात घालायचा समारंभ आहे. साठ आमंत्रणं बाराच्या मिनीबसने नारिन शहरात गेली नाहीत, तर तिकडचे नातेवाईक जन्मभर "आम्हाला कुठे बोलावलं होतं?" म्हणत राहणार. सकाळचे दहा वाजलेत आणि प्रिंटर ढिम्म आहे. आता तुम्ही झालात दहा वर्षांची सेझिम.

घरच्या संगणकावर लिनक्स होतं. परदेशात, सोल शहरात नोकरीला जाताना मामाने ते घालून दिलं होतं. प्रिंटर मात्र बाजारातून आणलेला, जुना. लिनक्सला प्रिंटरशी बोलायचं तर मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. तो कोणता, हे मामाला ठाऊक. आणि मामा फोन उचलत नव्हता.

आमंत्रणात 'आशीर्वाद देणार' यापुढची जागाही रिकामीच होती. हा मान गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्याचा, पण असे तिघे होते आणि तिघंही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकाचं नाव छापलं, की उरलेले दोघं समारंभाला फिरकणार नाहीत, म्हणून तुर्सुनाय आजी चार दिवस तो विषयच टाळत होती.

आजीने त्या तिघांपैकी शेजारच्या जुमाबेक आबांना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. चहा झाल्यावर त्यांनी वायर काढली, पुसली, परत खोचली. आजी सेझिमच्या कानाशी लागली, "मदतीला आलेत बिचारे. घाल त्यांचंच नाव."

सेझिमने नाव घालून छपाईचं बटण दाबलं. काही झालं नाही.

आतली गडबड ऐकून निवृत्त मास्तर एशेनबाय आबा आत आले. "हा ट्रॅक्टर नाही, जुमाबेक."

"दोन्ही लाथेने चालतात," जुमाबेक आबा म्हणाले.

मास्तरांनी यादीतून जवळच्या नावाचा ड्रायव्हर निवडला. आजीने पुन्हा कानात सांगितलं, "आता यांचं नाव."

"आजी, पण आधीचं?"

"छापलं गेलं का ते? नाही ना? मग कुणाला कळतंय?"

तरीही प्रिंटर हलेना. मग गुरांचे डॉक्टर शैलोबेक आबा आले. त्यांनी प्रिंटरवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "ताप नाही." तिसरा ड्रायव्हर त्यांनी निवडला. तिसरं नाव त्यांचं. बटण तिसऱ्यांदा दाबलं, तरी प्रिंटर गप्पच.

साडेअकराला मामाचा फोन आला आणि सेझिमने तो स्पीकरवर लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "हा तिसरा ड्रायव्हर बरोबर आहे गं. पण आधीच्या चुकीच्या ड्रायव्हरपायी लिनक्सने छपाई थांबवून ठेवलीय. पडद्यावर प्रिंटरच्या खिडकीत 'पुन्हा चालू' असेल, ते दाब."

सेझिमने दाबलं. प्रिंटर घरघरला.

"आणि हो," मामा म्हणाला, "मघाचं काही पुसलं जात नाही. सगळे कागद रांगेत उभे असतात. एकेक करून येतील बघ."

आजीच्या हातातली चहाची वाटी हवेतच राहिली. तिन्ही आबांनी चष्मे चढवले.

"आण इकडे, बघू कसं आलंय," मास्तर म्हणाले.

"थांबा आबा, शाई ओली आहे," सेझिम म्हणाली आणि ट्रेला पाठ लावून उभी राहिली. एक, दोन, तीन. तिन्ही कागद तिने मागच्या मागे, बाजूच्या दिवाणावर झोपलेल्या भावाच्या गादीखाली सरकवले. तो झोपेतच कुरकुरला.

मग ती संगणकासमोर बसली. तिने 'आशीर्वाद देणार' ही ओळ पुसून टाकली. तिथे एक गोल काढला, मध्ये पाळणा काढला आणि तिन्ही नावं पाळण्याभोवती गोलाकार बसवली. अशी, की कागद जसा धराल तसं वेगळं नाव वर येतं.

पहिल्या तीन प्रती तिने तिघांच्या हातात दिल्या. जुमाबेक आबांनी कागद सरळ धरला. मास्तरांनी थोडा फिरवला. शैलोबेक आबांनी जवळजवळ उलटाच केला. तिघंही खाकरले आणि समाधानाने मागे टेकून बसले.

"योग्य केलंस, तुर्सुनाय," तिघं जवळजवळ एकदमच म्हणाले. "मानाची जागा ज्याची त्याला दिलीस."

आजीने मान डोलावली, जणू हे सगळं तिनेच ठरवलं होतं. बाहेर मिनीबसने भोंगा दिला. सेझिमने साठ प्रती छातीशी धरल्या आणि दाराकडे पळता पळता गादीखाली हात घालून ते तीन कागदही सोबत घेतले, कारण भाऊ आता जागा झाला होता आणि आजी तिन्ही आबांच्या देखत त्याला गादीसकट उचलायला उठत होती.