तव्हा कुठी होता?

वडशाच्या स्टेशनात तिकीटबाबू म्हणून मी रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी खिडकीच्या गजांपाशी एक चेहरा आला. पिकल्या मिशा, डोक्याला गुंडाळलेला शेला, आणि डोळे असे की समोरच्याने काहीतरी चोरलंय याची खात्रीच.

"बाबू, आरमोरीले होता का?"

"आरमोरीला रेल्वे जात नाही," मी म्हणालो. "मोटार बघा."

"रेल्वे जात नाई थे मले माहीत हाय. मी इथीच जल्मलो. तुम्ही आरमोरीले होता का, तेवढं सांगा."

"नव्हतो बुवा."

"मंग काल मैदानात 'आपला क्लब, आपला क्लब' करून काऊन बोंबलून राह्यले होते?"

एवढं बोलून गृहस्थ तिकीट न घेताच चालते झाले. रांगेतला एक हमाल फिदीफिदी हसला आणि म्हणाला, "बाबू, तुम्ही अस्वलात गेले!"

आता बोला! नोकरीचा दुसरा दिवस, अजून गावात दूधवाला ठरायचा होता, आणि माझी रवानगी अस्वलात झाली होती. बरं, आदल्या दिवशी मैदानावर मी आपणहून गेलो नव्हतो. स्टेशनमास्तरांनी नेलं होतं. वडशाचा क्लब त्या दिवशी जिंकला, सगळे ओरडले, मीही ओरडलो. नव्या गावात माणसाने आणखी काय करायचं?

ते गृहस्थ म्हणजे झिबलभाऊ. लाकूड डेपोवर चौकीदार. माझं नशीब असं की भाड्याने घेतलेली खोली नेमकी त्यांच्या घराला लागून निघाली. त्यामुळे पुढच्या आठवड्याभरात आरमोरीचं प्रकरण मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की शेवटी मीच हरून आलो की काय असं वाटू लागलं.

वडशाच्या फुटबॉल टीमचं नाव विजय क्लब. हे नाव कोणी ठेवलं त्याचा शोध गाव बरीच वर्षं घेत होतं, कारण या क्लबाने हरण्यापलीकडे काही केलंच नव्हतं. मैदान म्हणजे धानाची बांधी. धान कापून झालं की मधले धुरे, म्हणजे बांध, फोडून सपाट करायची आणि होळीपर्यंत खेळायचं. एका बाजूचा गोल दुसऱ्या बाजूपेक्षा हातभर खाली. अनवाणी पोरं धसकटांवरून धावायची, आणि खेळ संपल्यावर जिंकणारे-हरणारे दोघेही सारखेच लंगडत घरी जायचे. त्यात थंडीचे दिवस म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचे दिवस. हरणारी टीम बघायला जाण्यापेक्षा नाटक बघून दिवसभर झोपलेलं काय वाईट? मैदानावर झिबलभाऊ आणि त्यांच्यासारखी आणखी चार डोकी, एवढंच पब्लिक.

आणि आरमोरी म्हणजे या सगळ्याचा कळस. तिथे विजय क्लबावर नऊ गोल झाले. परतताना मधल्या नाल्यात बैलबंडीचा आस मोडला. रडवेली टीम चिखलातून चालत वडशाला आली, आणि झिबलभाऊ बंडीचं चाक डोक्यावर घेऊन पुढे. हे चाकाचं मला खरं वाटत नाही, पण तसं म्हणायची माझी छाती नव्हती. मी आरमोरीला नव्हतो ना!

तर जो आरमोरीला होता, तो जुना. बाकी सारे अस्वल. "मोहाचं फूल टपकलं का अस्वलं येतेतच," झिबलभाऊ म्हणत. "झाड वाळून चाललं तव्हा कुठी होते?"

मोहाचं फूल टपकलं ते असं, की रेल्वेत एक फायरमन बदलून आला. सेंटर फॉरवर्ड. त्याच्या पायाला बॉल लागला की समोरच्यांना नुसती धूळ दिसायची. मागे गोलात लालसू होताच. हा धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा पोरगा, राइस मिलमध्ये पोती उचलायचा. उंच, रुंद, आणि दिवसभरात दोन वाक्यं बोलला तर गाव म्हणे आज लालसूला ताप आला असावा. हरण्याच्या सगळ्या वर्षांत गोल त्याच्याचवर झाले होते, आरमोरीचे नऊच्या नऊसुद्धा. आता फायरमन पुढे गोल करू लागला, लालसू मागे अडवू लागला, आणि विजय क्लब चक्क जिंकायला लागला.

मग काय विचारता! मैदानाला बांबूचा कठडा आला. खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर काळा कोट घालून वकीलसाहेब आले, आणि ते तर हुबेहूब अस्वलच दिसत. राइस मिलचे शेटजी क्लबाचे अध्यक्ष झाले. शेटजींचा उत्साह दांडगा, पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा चांद्याच्या टीमने आपल्यावर गोल केला आणि शेटजी उभं राहून टाळ्या वाजवू लागले. अध्यक्ष वाजवतात म्हणून वकीलही वाजवू लागले. झिबलभाऊंनी कपाळावर हात मारला.

त्याच सामन्यात लालसूच्या हातून बॉल निसटला तेव्हा शेटजी ओरडले, "काय गोलकीपर आहे का बुजगावणं?"

झाले झिबलभाऊ तडक खुर्च्यांसमोर उभे. "शेटजी, शिव्या द्याचा हक्क आमचा हाय. तुम्ही टाळ्या वाजवा. त्याबी इच्यारून वाजवा."

शेटजी मिलचे मालक, लालसू त्यांचा हमाल, आणि झिबलभाऊ साधे चौकीदार. पण शेटजी खुर्चीत मागे सरकले. झिबलभाऊंच्या 'तव्हा कुठी होता' पुढे उत्तर द्यायला माणूस खरोखरच कुठेतरी असावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा नुसता खडूस. मलाही महिनाभर तसंच वाटलं. पण मी शेजारी राहत होतो, आणि शेजाऱ्याला चुलीचा धूर दिसतो.

क्लब हरायचा त्या काळात एक रीत पडली होती. पहिल्यांदा कधीतरी हरल्यावर पोरं घरी जायला लाजली आणि झिबलभाऊंच्या ओट्यावर येऊन माना खाली घालून बसली. झिबलभाऊंच्या बायकोने, रखमाबाईंनी, दारातून पाहिलं आणि म्हटलं, "हारले म्हनून का उपाशी मरता? चला आत." तेव्हापासून हरलं की जेवण झिबलभाऊंकडे. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. पहिलं ताट गोलकीपरचं, कारण सर्वांत जास्त तोच रडायचा. या घरी लेकरूबाळ नव्हतं. हरल्या दिवशी मात्र ओसरीवर ताटाला ताट लागायचं. पुढे रखमाबाई गेल्या. पोरांना वाटलं आता रीत मोडली. पण त्या आठवड्यात क्लब हरला तर झिबलभाऊंनी स्वतः भात टाकला. खाली करपलेला, वर कच्चा. पोरांनी मुकाट्याने खाल्ला आणि पुन्हा मागितला, असं मला त्या फिदीफिदी हमालाने सांगितलं.

मग क्लब जिंकू लागला. जिंकल्यावर जेवण शेटजींकडे, मिलच्या अंगणात. बुंदी, पुऱ्या, वर बँड.

मी गावात आलो त्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी तीनचार पोरं झिबलभाऊंच्या दारी आली. गळ्यात झेंडूचे हार, पाठीमागे लालसू. एक जण म्हणाला, "भाऊ, इथीच जेवतो आमी."

मी माझ्या दारातून ऐकत होतो. मला वाटलं म्हातारा आता विरघळणार. कसलं काय!

"जिंकले ना? मंग जा, बुंदी खा. इथी हारलेल्याईचं जेवन हाय. रीत म्हंजे रीत."

"पन भाऊ..."

"तुमी अस्वलाईचे पाव्हने झाले आता. जा बाप्पा."

पोरं हिरमुसून गेली. लालसू बराच वेळ अंगणातच उभा होता. मग तोही गेला. पुन्हा कोणी आलं नाही. परत या म्हणून सांगणारच कोण त्यांना? दार बंद करणाराच आत एकटा बसला होता.

आणि गंमत पाहा. दर सामन्याच्या दिवशी सकाळी झिबलभाऊ मारुतीला नारळ फोडायचे, क्लब जिंकू दे म्हणून. आणि दुपारी घरी येऊन टीमभर भाताचा गंज चुलीवर चढवायचे, क्लब हरला तर म्हणून. क्लब जिंकायचा. मग अंधार पडता पडता तो सगळा भात गल्लीतल्या पांढऱ्या गायीपुढे. विजय क्लबाच्या यशाचा वडशात कोणाला खरा फायदा झाला असेल, तर त्या गायीला. तिच्या अंगावर तेज आलं होतं.

एकदा मी न राहवून विचारलं, "भाऊ, खरं सांगा. क्लब हरावा असं वाटतं का तुम्हाला?"

म्हातारा असा भडकला की हातातला डाव माझ्या डोक्यात बसतो की काय वाटलं. "काऊन वाटंल? माहा क्लब हाय तो! मी नारळ फोडून राह्यलो दिसत नाई?"

"मग भात कशाला?"

झिबलभाऊंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "हारले तं? पोरं उपाशी जातीन का?" आणि डावाने भात उगाच खालीवर करत, "कोनी येत नाई आता. नाई येत तं नाई येत. जिंकू दे लेकाइले."

त्या हिवाळ्याच्या शेवटी शेटजींनी आपल्या वडिलांच्या नावाने ढाल लावली. स्वतः लावलेली ढाल स्वतःच्याच क्लबाने जिंकावी म्हणून सगळा थाट. फायनल चांद्याच्या टीमशी. गाव लोटलं होतं. नाटकवाल्यांनीसुद्धा त्या दिवशी खेळ ठेवला नाही. मी स्टेशनमास्तरांबरोबर खुर्चीवर, आणि झिबलभाऊ नेहमीप्रमाणे लालसूच्या गोलामागे धुऱ्यावर उकिडवे.

सामना म्हणायला सामना. फायरमनने तीन गोल ठोकले. वकीलसाहेबांनी टोपी उडवली ती परत मिळाली नाही. शेटजींनी यावेळी नेमक्या बाजूला टाळ्या वाजवल्या. खेळ संपत आला आणि चांद्याच्या एका दमलेल्या पोराने शेवटचा म्हणून लांबून बॉल मारला. मारला कसला, ढकलला. धसकटांना अडखळत बॉल रमतगमत येत होता. लालसू समोरच उभा होता. त्याने बॉलकडे पाहिलं. मग मान वळवून मागे धुऱ्याकडे पाहिलं. बॉल त्याच्या दोन पायांमधून निवांत गोलात गेला.

"अरे!" शेटजी किंचाळले. झिबलभाऊ ताडकन उभे राहिले. शिट्टी वाजली. ढाल आमची. बँड सुरू झाला, लोकांनी फायरमनला खांद्यावर घेतलं, आणि त्या एका गोलाचं कोणाला काही राहिलं नाही.

मला मात्र चैन पडेना. मिलच्या अंगणातून बुंदीचा वास येत होता, आमंत्रणही होतं, पण मी घराकडे वळलो. दिवेलागण झाली होती. झिबलभाऊ अंगणात गंजापाशी बसले होते आणि पांढरी गाय हक्काने फाटकाशी येऊन उभी होती.

तेवढ्यात लालसू आला. गळ्यात हार नाही, पाय तसेच धुळीचे. ओट्यावर जाऊन आपल्या जुन्या जागी मान खाली घालून बसला.

झिबलभाऊंचा पारा एकदम चढला. "आता काऊन आला बे? सांग, असा बॉल कोनी सोडते? माही आंधळी मायबी धरली असती! भऱ्या मैदानात लाज आनली! तो शेटजी उद्या मिलमधून हाकलून देईन तुले, समजते का? आरमोरीच्या नऊ गोलांत असा एक नव्हता! सांग, काऊन सोडला?"

लालसू जमिनीकडे बघत म्हणाला, "भूक लागली होती, भाऊ."

शेल्याच्या टोकाने झिबलभाऊंनी मिशा पुसल्या, डोळे पुसले, पुन्हा मिशा पुसल्या. आत जाऊन ताट आणलं. गायीला "हड्" म्हटलं, बिचारी चकित झाली. गंजाचं झाकण काढून त्यांनी ताटात भाताचा एवढा ढीग घातला की वरणाला जागा उरली नाही.

"पहिलं ताट गोलकीचं," ते म्हणाले. "जेव. एक गोल झाला तुह्यावर. एक म्हंजे का कमी झाला?"

लालसू जेवू लागला. भात आजही खाली करपला होता, वास फाटकापर्यंत येत होता. तो जेवत होता आणि झिबलभाऊ समोर बसून नुसते बघत होते. मी हळूच माझ्या दाराकडे वळलो.

"ओ बाबू!"

मी थांबलो.

"तुम्ही कुठी चालले? मैदानात होते ना आज? गोल झाला तव्हा?"

"होतो," मी म्हणालो. "पण आरमोरीला नव्हतो, भाऊ."

"मरू द्या आरमोरी," झिबलभाऊ म्हणाले, आणि माझ्यासाठी पाट मांडला.