मनोरा अंगावर पडण्याचा मान

परवान्याचा अर्ज हातात पडला की चांगला वाढवलेला मुलगाही अर्जदार होतो. आणि अर्जदाराला शेजारी असतात, आई नसते. मोठ्या बाईंच्या थोरल्याचं (वय चव्वेचाळीस, केस मागे सरकलेले) नेमकं हेच झालं. त्याला हौशी रेडिओचा नाद होता. खोलीतल्या यंत्रावरून जगाच्या पाठीवरच्या अनोळखी माणसाला "माझा आवाज कसा येतोय?" असं विचारायचं, त्यानं "छान" म्हणायचं आणि दोघांनी ते आपापल्या वहीत टिपून ठेवायचं, असा हा उच्च प्रतीचा छंद. त्यासाठी परसात तीस फुटी लोखंडी मनोरा आणि त्याच्या टोकाला अँटेना हवा होता.

परवाना देणाऱ्या कचेरीचा नियम दूरदृष्टीचा होता: मनोरा आडवा झाल्यास ज्या घरापर्यंत पोचेल, त्या प्रत्येक घराची लेखी संमती जोडावी. थोरल्यानं नकाशावर वर्तुळ काढलं. आत दोन घरं आली, शिंप्याचं आणि निवृत्त पोस्टमास्तरांचं. दोघांनी चहा घेऊन सह्या केल्या. पडायचाच तर पुढच्या खोलीवर पडावा, स्वयंपाकघरात नवी फरशी आहे, एवढीच पोस्टमास्तरांची अट. ती नमूद करण्यात आली.

दुसऱ्या दिवशी वर्तुळाच्या चार फूट बाहेर राहणाऱ्या मुख्याध्यापिका आल्या.

"शिंप्याच्या घरावर पडतो आणि आमच्यावर नाही? आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?"

थोरला स्वभावानं मऊ. त्यानं उंची पाच फुटांनी वाढवली. मग औषधवाला रुसला. मग वकील. (वकिलांना आत घेताना मधली काही घरंही आपोआप आत आली, त्यांनी हा मान नम्रपणे स्वीकारला.) अंतिम आकडे असे: उंची साठ फूट, घरं अकरा, सह्या अकरा, हरकती शून्य, रेडिओवर नक्की करतात काय असं विचारणारे शून्य.

पाया खणला गेला तो मोठ्या बाईंच्या खिडकीपासून आठ फुटांवर. जागा त्यांच्याच नावावर. मनोरा घराच्या बाजूला कलला असता तर पहिला मान त्यांच्या पलंगाचा होता. आठवडाभर त्या चष्मा पुसून तयार बसल्या. शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण सही त्यांना वेलांटीसकट येत होती. कुणीच आलं नाही. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"माझी सही राहिली का रे?"

"तुझी कशाला, आई? तू घरातलीच की." थोरल्यानं नियमही वाचून दाखवला: अर्जदाराच्या घरातील व्यक्तींची संमती गृहीत धरण्यात यावी.

मोठ्या बाई वादात पडल्या नाहीत. उशी आणि दोन साड्या काखेत मारून त्या शिंप्याकडे राहायला गेल्या.

"आता मी शेजारीण," त्या शिंप्याच्या बायकोला म्हणाल्या. "बघू कोण गृहीत धरतो ते."

वर्तुळातल्या एका घरात एक व्यक्ती वाढली असून तिची हरकत आहे, असं त्यांनी शिंप्याकरवी कचेरीला कळवलं. कारकुनाच्या सबंध नोकरीतली ही पहिली हरकत. त्यानं तिच्यासाठी नवी फाइल उघडली आणि त्याच दिवशी काम थांबवलं.

तिसऱ्या दिवशी थोरला इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ज हातात घेऊन शिंप्याच्या दारात हजर झाला. आईसमोर स्टुलावर बसला. मनोरा कसा उभा राहतो, त्याला ताण द्यायच्या तारा किती, वादळात काय होईल, सगळं त्यानं समजावून सांगितलं. आईशी एका बैठकीत इतकं तो दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच बोलत होता. अकराही सहीवाले दाराशी जमले होते आणि म्हातारीनं एका सहीसाठी केवढं मांडलं म्हणून हसत होते.

मोठ्या बाईंनी अर्ज अक्षराला अक्षर लावत वाचला, सावकाश सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"उभा कर तुझा मनोरा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडलाय. आणि या हसणाऱ्यांकडे बघून लाजू नकोस. अकरा घरांवर पडणार, आणि विचारलं गेलं ते अकराच माणसांना. सही करू का, असं यांच्यातल्या एकानं तरी घरात जाऊन कुणाला विचारलं होतं का? तू निदान तीन दिवसांनी तरी आलास. यांच्या घरची माणसं अजून गृहीतच आहेत."