हिमालयाहून येणारा परीट

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! हिमालयाहून येनारा परीट फलाट दोनच्या डबक्यावर आला हाय. यंदा चार दिवस लेट!"

एकाहत्तर सालच्या थंडीत श्रीगोंद्याच्या बसस्टँडवर लाउडस्पीकरवरून ही घोषणा झाली आणि निम्मे प्रवासी पिशव्या उचलून धावले. फलाट दोनवर गाडी नव्हतीच. गळक्या नळाखाली डबकं होतं आणि त्याच्या काठानं एक काळा-पांढरा, चिमणीएवढा पक्षी शेपटी खालीवर हलवत चालला होता; तोच हा परीट. एका म्हातारीनं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "अन् त्यो दौंडला थांबतो का?"

"त्येच तर मला कळंना, मावशी," घोषणा करून बाहेर आलेले नाना म्हणाले. थट्टेनं नव्हे, अगदी कळकळीनं.

नाना आमचे कंट्रोलर. गाड्या सोडायच्या, त्यांच्या वेळा लिहायच्या आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. मी शेजारच्या पासच्या खिडकीत बसायचो. गाडी कितीही रखडली तरी नानांचं उत्तर ठरलेलं: "लेट हाय, रद्द न्हाई." आमच्या शिपायाचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं, तेव्हाही त्याच्या पाठीवर थाप मारून ते हेच म्हणाले.

थंडी पडली की गाड्यांच्या वहीखालून दुसरी वही निघायची. पाखरांची. आगमन, निर्गमन, उशिराचं कारण. परीट उशिरा आला तर शेरा, "वाटेत वारा असावा." भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला की, "जादा गाडी." एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं, पण नाना थेट कोपरगावच्या कंट्रोलरला फोन लावून विचारायचे, "तुमच्याकडनं परीट कधी निघाला?" एकदा तिकडून उत्तर आलं, "नाना, हितं मानसं आवरंनात!"

"एवढा पुळका आहे तर जा की हिमालयात," मी त्यांना डिवचायचो. "दरवर्षी नवरा-बायकोचा फुकट पास मिळतो, तो वाया घालवता. वहिनींना निदान नगर तरी दाखवा." नाना वहीत डोकं घालायचे. अख्खा स्टँड त्यांना घरकोंबडा म्हणायचा. मीही म्हणायचो.

जानेवारीत एका दुपारी डबा खाताना ती वही माझ्या हाती लागली. डाव्या पानावर परटाचे मुक्काम. उजव्या पानावर: "माणसं दोन. कारखाना फाटा. उतरणे. लिंबू. एक तास विश्रांती. पुढची गाडी." असं उतरत, चढत, लिंबू चोखत थेट हिमालयापर्यंत.

"आमच्या मंडळीला, मथुरेला, गाडी लागती," नाना खाली मान घालून म्हणाले. "लगीन करून पाथर्डीहून आनताना बसमधी माझी नवी टोपी पुढं करावी लागली. तवापासनं तिनं गाडीत पाय ठिवला न्हाई. म्हायेरला जाती ती बैलगाडीनं, तीन दिस. पर हिमालय बघायचाय म्हनती. म्हनलं, एवढंसं पाखरू थांबत थांबत येतंय, तर आमी का न्हाई जानार?"

मला हसू आलं आणि माझी मलाच लाजही वाटली.

पहिला टप्पा पुढच्या रविवारी ठरला. तीन किलोमीटर. मीही सोबत गेलो. मथुरावहिनी मुठीत लिंबू धरून, डोळे घट्ट मिटून बसल्या. शेजारी नाना; हातात धुऊन जपून ठेवलेली तीच लग्नातली टोपी, उलटी धरलेली. ड्रायव्हरनं बस अशी चालवली की सायकलवाले पुढे गेले.

फाट्यावर वहिनी उतरल्या आणि बाभळीखाली बसल्या. चेहरा पांढराफटक, कारखान्याच्या मळीचा वास नाकात, पण टोपी कोरडी! नानांनी वहीत लिहिलं, "मथुरा. आगमन. वेळेवर."

तासाभरानं दौंडची गाडी लांबून दिसली. नाना घाबरे झाले. "बास झालं आज. हितनं चालत घरी जाऊ. फुडचं फुडल्या वर्षी."

वहिनींचं लक्ष समोरच्या पाटाकडे होतं. काठावर एक परीट शेपटी हलवत होता. "ह्यो आपल्या स्टँडवरलाच का वो?"

"आसंल की. त्योबी हितंच उतरला वाटतं."

वहिनी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लेट हाय, रद्द न्हाई. हात करा गाडीला."

नानांनी जन्मभर गाड्या सोडलेल्या. थांबवायची सवय नव्हती. त्यांनी हातातली टोपीच हलवली.