खांबेटेकाकांची उजवी सीट

दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरातल्या कपबशा आपोआप वाजायला लागत. पहिल्या रविवारी अश्विनीला, म्हणजे माझ्या बायकोला, भूकंप वाटला आणि ती पासपोर्ट घेऊन ओरडत बाहेर पळाली. बाहेर ब्रिस्टलचा नेहमीचा राखाडी पाऊस होता आणि शेजारच्या गॅरेजमधून घरघर येत होती. निळा बॉयलर सूट घातलेला, सत्तरीचा, किडकिडीत माणूस एका लांबलचक लाल गाडीच्या उघड्या बॉनेटवर वाकला होता. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं होतं, मूठ कानाला लावली होती आणि डोळे मिटले होते. अकरा मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं, डोळे उघडले आणि मला विचारलं, "पुण्याचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"ओरडल्या मराठीत, पळाल्या पासपोर्ट घेऊन. मिरजेची असती तर आधी गॅस बंद केला असता."

हे मधुकर खांबेटे. २००४ साली मी वर्क परमिटवर ब्रिस्टलला आलो तेव्हा त्यांच्या घराला चिकटलेलं घर आम्ही भाड्याने घेतलं. दोन्ही घरांत एकच भिंत होती, त्यामुळे त्यांचं खोकणं, शिंकणं आणि भाजीला फोडणी घालणं आम्हाला ऐकू येई. काका विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. त्याआधीचं आयुष्य मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलेलं. त्या गल्लीत कान फुकट तयार होतो, असं ते म्हणत. आठ सिलिंडरांपैकी एखादा कणभर मागे पडला तर त्यांच्या कपाळाला आठी पडे. "सहावा बेसूर आहे," असं म्हणून ते दोन तास वाकून काही तरी पिळत बसत. मला सहावा काय, आठही सारखेच वाटत.

गाडी अमेरिकन होती. साठच्या दशकातल्या या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांना मसल कार म्हणतात, हे मला काकांनीच शिकवलं. जवळच्या हवाई तळावरचा एक अमेरिकन माणूस मायदेशी जाताना ती काकांना विकून गेला होता. तेव्हा घरात फ्रिज नव्हता. शालनकाकू म्हणे महिनाभर दूध खिडकीच्या बाहेर ठेवून त्यांच्याशी अबोला धरून होत्या. काकूंना मी पाहिलं नाही. आम्ही यायच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या होत्या.

गॅरेजचे नियम कडक होते. गाडी अमेरिकेची, म्हणून नटबोल्ट इंचांतले, म्हणून पानेही इंचांतलेच. मिलिमीटरचा पाना आत आणायचा नाही. तो चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा. सुटे केलेले भाग बिस्किटांच्या डब्यात रॉकेलमध्ये भिजत असत, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते झाकणावर सुवाच्य मराठीत लिहिलेलं असे. नाताळच्या दिवशीही काका गाडीखाली आडवे दिसले, तेव्हा मी आश्चर्य दाखवलं. "गंज काही बँक हॉलिडे पाळत नाही," खालून उत्तर आलं.

मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय सॉफ्टवेअर, चहा घेणार?" एवढंच. एकदा चहाचा कप घेऊन मी सहज गाडीत बसायला गेलो. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे सवयीने डावं दार न उघडता मी शहाणपणाने उजवं उघडलं. सीटवर चारपदरी शाल घातलेली होती.

"तिथे नको," काका एवढ्या चटकन बोलले की चहा सांडला. "स्प्रिंग तुटलीय त्या सीटची. अजून एक पार्ट यायचाय."

हे त्यांचं पालुपद. गाडी रस्त्यावर कधी येणार, तर अजून एक पार्ट यायचाय. तो पार्ट अमेरिकेहून येई, बसवला जाई आणि दुसरा एखादा पार्ट यायचा राही. आम्ही आल्यापासून ती गाडी गॅरेजच्या बाहेर एकदाही पडली नव्हती.

या पालुपदामागे काय दडलंय ते मला त्यांच्या मुलीकडून कळलं. मीना ब्रिस्टलमध्येच जन्मलेली, दोनशे मैलांवरच्या लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. आम्ही यायच्या आदल्या हिवाळ्यात काका गॅरेजमध्ये घसरून पडले होते आणि गार सिमेंटवर तीन तास पडून होते. पोस्टमनने हाक ऐकली म्हणून वाचले. तेव्हापासून मीना त्यांना लीड्सला बोलवत होती. काका नाही म्हणत नव्हते. "गाडी झाली की येतो," एवढंच म्हणत होते.

"तुम्ही जरा बघाल का, प्लीज?" मीनाने मला फोनवर विचारलं. "व्हॉट इज ॲक्च्युअली राँग विथ इट? दरवेळी बाबा नवीन प्रॉब्लेम सांगतो. आय कान्ट स्लीप, यू नो. पुन्हा पडला तर?"

मी टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेत होतो. मी गॅरेजमध्ये जाऊन चौकशी केली. काका म्हणाले, गिअरबॉक्स पार गेलाय, आत दातच उरले नाहीत. मी तसं इमानदारीत मीनाला कळवलं. एक दोष निघाला की दुसरा उपटतो, यावर माझा चटकन विश्वास बसला, कारण आमच्या ऑफिसात तेच चालायचं. काकांनी मला सहज गुंडाळलं, आणि मीही पुणेरी हुशारीने गुंडाळला गेलो.

मग दसरा आला. मीना मुद्दाम लीड्सहून आली. काकांनी सगळे पाने पुसून जुन्या टॉवेलवर लहान-मोठ्या क्रमाने मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं. गाडीला सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार घातला. आपट्याची पानं ब्रिस्टलमध्ये कुठली मिळायला, म्हणून कुंपणाच्या झुडपाची पानं आणली होती. सगळं गंभीरपणे चाललं होतं. एवढ्यात अश्विनीने पर्समधून दोन लिंबं काढली आणि माहेरच्या सवयीने पुढच्या दोन्ही चाकांखाली सारली.

"काका, आता एवढं पुढे घ्या," ती म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. मीना म्हणाली, "अश्विनी, इट्स ओके. गिअरबॉक्स नाहीये ना. लिंबू तसाच राहू दे."

काका लिंबांकडे बघत उभे राहिले. पूजा झालेली, हार घातलेला, चाकाखाली लिंबं, आणि गाडी जागची हलायची नाही, असं कुठे असतं का? त्यांनी किल्ली काढली, पुन्हा खिशात ठेवली. "शालन ठेवायची लिंबं," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. मग बूट काढून, डाव्या बाजूने आत बसले. इंजिन गरजलं, गिअर लोण्यातून सुरी जावी तसा पडला, गाडी हातभर पुढे आली आणि दोन्ही लिंबं चिरडली गेली. रिव्हर्सचा गिअर टाकून त्यांनी ती पुन्हा जागेवर नेली. दातांनी भरलेला, धडधाकट गिअरबॉक्स होता तो.

गॅरेजमध्ये लिंबाचा आणि पेट्रोलचा वास पसरला.

"बाबा," मीना हळूच म्हणाली, "गाडी तर चालतो."

"चालते," काका म्हणाले. बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला. "दिवाळी झाली की निघू."

त्या दिवशी घरी येऊन अश्विनी रडली. मी लिंबं ठेवायला नको होती, म्हणत राहिली. मी तिची समजूत काढली की त्यांच्या भल्याचंच झालं. माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातून उठवायला आम्ही दोन लिंबांचा हातभार लावला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

पुढचं सगळं झरझर झालं. गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात गाडी एमओटीच्या, म्हणजे रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे का याच्या, सरकारी तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाली. घरासमोर विक्रीची पाटी लागली. सामान व्हॅनने पुढे गेलं. मीनाने त्यांना एकट्याने गाडी न्यायला साफ मनाई केली होती, म्हणून नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी रजा टाकून मी सोबतीला निघालो. काकांनी उजव्या सीटवरची शाल उचलली, घडी मोडू न देता मागे ठेवली आणि मला बसायला सांगितलं. स्प्रिंग उत्तम होती.

म्हातारी गाडी मोटारवेवर नेत नसतात, असं सांगून काकांनी जुना दुपदरी रस्ता धरला. ग्लॉस्टरच्या अलीकडे आमच्यापुढे खडी भरलेला एक ट्रक आला. ताशी तीस मैल. काका त्याच्या मागे राहिले. पाच मैल गेले, दहा गेले. पोटात तीनशे घोडे घेऊन आम्ही खडीमागून चाललो होतो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. ट्रकच्या चाकांचा चिखल आमच्या काचेवर उडत होता आणि वायपर तो इकडून तिकडे सारवत होते.

"काका, ओव्हरटेक करा ना."

"इथून दिसत नाही."

खरंच होतं. इंग्लंडात रस्त्याची डावी बाजू, आणि यांचं स्टिअरिंगही डावीकडे. त्यांच्या जागेवरून फक्त ट्रकची पाठ दिसत होती. समोरून येणारं कोणी आहे की नाही, ते दिसत होतं माझ्या खिडकीतून.

"ते काम शालनचं," काका म्हणाले. "तिला गाडी चालवता येत नव्हती, पाना कुठला ते कळत नव्हतं. पण ती काच खाली करून मान बाहेर काढायची, हं… असं लांबवायची, आणि म्हणायची, निघा. की मी निघायचो. मला समोरचं काही दिसत नसायचं, सॉफ्टवेअर. तीस वर्षं नुसत्या तिच्या शब्दावर गाडी काढली. एकदाही चुकली नाही."

वायपर चार-पाचदा फिरले.

"ती गेल्यावर एकदा बाहेर काढली होती. चार मैल बसच्या मागे गेलो आणि परत आलो. मग सुटी करून ठेवली. सुटी असली की कोणी विचारत नाही, का चालवत नाही म्हणून."

मी काच खाली केली, मान बाहेर काढली, पाऊस खाल्ला. रस्ता सरळ आणि मोकळा होता.

"मोकळा आहे, काका."

त्यांचा पाय हलला नाही. "असू दे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "वळेल तो कुठे तरी."

तो वळला, मग दुसरा भेटला, मग घोड्यांची एक गाडी, मग ट्रॅक्टर. सगळ्यांच्या मागून आम्ही लीड्स गाठलं तेव्हा अंधार पडून गेला होता. मीना दारात उभी होती. तिने आम्हाला आधी वरण-भात वाढला. काकांच्या खोलीत तिने पलंगापाशी पान्यांसाठी नवी फळी ठोकून घेतली होती. काका त्या फळीकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ट्रेन होती. मीना म्हणाली, "मी ड्यूटीला जातेच आहे, सगळे बाबाच्या गाडीतून जाऊ या." मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून, शाल मांडीवर घेऊन बसलो. मीना पुढे, उजवीकडे. गल्ली चढाची, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, आणि आमच्या पुढे कौन्सिलची कचऱ्याची लॉरी दर घरापाशी थांबत चाललेली. काका तिच्यामागे थांबले. ती सुटली, पुढच्या दारी थांबली. काकाही थांबले. मी घड्याळ बघितलं. आता स्टेशन येईपर्यंत हेच, असं मी मनाशी म्हटलं.

मीनाने काच खाली केली. लहानपणी ती मी बसलो होतो तिथे बसत असणार. तिने मान बाहेर काढली, केस भिजले.

"हं…" ती म्हणाली.

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं मला मागून दिसलं.

"निघा."

आठही सिलिंडर एका सुरात गरजले, ते पहिल्यांदाच मलाही कळलं. लॉरी मागे पडली. चढ संपला, मोठा रस्ता लागला, पुढे एक बस होती. मीनाने पुन्हा मान बाहेर काढली, काकांनी तीही मागे टाकली, मग एक व्हॅन, मग दुसरी. मला फक्त दोघांच्या माना दिसत होत्या. काकांच्या गालावरून मानेवर काही तरी ओघळत होतं, आणि त्यांच्या बाजूची काच तर बंद होती.

डावीकडे स्टेशन आलं आणि गेलं. मीनाच्या लक्षात आलं नाही. माझी ट्रेन सुटायला सात मिनिटं होती. मी शाल नीट धरली आणि गप्प बसलो.