करीमचाचांची गवताशी दुश्मनी

पोळा झाला की देऊळघाटात कुणी वेळेवर कुठे पोचत नसे. कारण करीमचाचांचं नाक. माणूस टोपी घालून पायरी उतरला, की शेजारून सात शिंका. मग परत बसायचं, पाणी प्यायचं आणि चाचांच्या नावानं बोटं मोडायची. आमचे काका मुलगी पाहायला चारदा निघाले. पोचेपर्यंत ती दुसरीकडे ठरली होती.

चाचा पिंजारी. दिवसभर कापसाच्या ढगात बसत. लोक म्हणत, रुई सोसत नाही.

"रुईले बदनाम करू नका बे. ते माह्यी अन्नदाती. बदमाश हाय ते गवत. फुलोऱ्यावर आलं का भुकटी सोडते, अन् सीधी माह्या नाकात."

मग ते कुणाच्याही अंगणात शिरून गवत उपटत. आईनं गणपतीसाठी राखलेल्या दूर्वाही त्यांनी साफ केल्या. ती चिडली, तर म्हणाले, "वहिनी, बाप्पाचं नाक तं माह्यापेक्षा लांब. त्याचे हाल कोन पाह्यते?" आई हसू लपवत आत गेली.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. गवतावर बंदी घालावी असा अर्ज त्यांनी माझ्याकडून तिकडे लिहवून घेतला. उत्तर आलं नाही. "साहेबाच्या बंगल्यापुढं गवतच असन," चाचांनी निकाल दिला.

चाची वारल्या. पुढच्या भादव्यात चाचांना शिंकांबरोबर दमही लागू लागला. मेहकरची लेक न्यायला आली. "अब्बा, आमच्या गल्लीत फरशी हाय, गवताची काडी नाही."

"जावई घोरते," चाचा म्हणाले.

शेवटी तिनं मला गळ घातली, "तुमी तरी समजवा." मी शिंकांच्या मागावर निघालो, तो थेट कब्रस्तानात. चाचींच्या कबरीवर गुडघाभर गवत, ऐन फुलोऱ्यात. शेजारी चाचा, डोळे लालभडक.

"चाचा, हे काऊन नाही उपटलं?"

"कबरीवरचं हिरवं गवत उपटत नसते, बापू. ते अल्लाचं नाव घेते. तिले तेवढाच आराम."

आणि शिंकले. शिंकून कान देऊन थांबले.

"मी शिंकलो का तुही चाची चुलीपासून म्हने, अल्ला रहम करे. दिवसातून शंभरदा. चुकली नाही कधी."

मेहकरचा विषय काढायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरी शिंक आली. आमच्यात शिंक झाली की बसतात. मी तिथंच गवतात बसलो.