आठ अक्षरी हत्ती आणि पणास लागलेल्या सगुणाबाई

श्रीशारदा प्रसन्न असो आणि सर्व अक्षरे जागच्या जागी राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी ते दिवशी नदीअलीकडील राज्यात पटावरचा जो संग्राम जाहला, त्याची हकीकत जशी पाहिली आणि ऐकिली तशी, पदरचे काही न घालता, येणेप्रमाणे.

या राज्यास फौज नव्हती. तोफ एक होती, तीत कबुतरे राहत. राज्याची खरी दौलत म्हणजे शब्दपागा. टोपीकरांच्या इंग्रजी भाषेतील शब्द पाट्यांवर लिहून, घोडे बांधावे तसे अक्षरांच्या संख्येप्रमाणे ओळीने बांधून ठेविले होते; दोनांची ओळ दाराशी, मग तीनांची, मग चारांची, आणि आठांची ओळ अगदी आत, उंच छताखाली. पागेवर रायाजी पागनीस मुख्य. महाराजांनी गादीवरून पुकारावे, "पाच अक्षरे, चौथे झेड, शेवटी वाय!" आणि रायाजींनी पाचांच्या ओळीत शिरून क्रेझी, डिझी, फझी, जे असतील ते तत्काळ हजर करावे, आणि मग महाराजांनी त्यातून निवडून, थैलीतून काढलेल्या एकेक अक्षराच्या सात सोंगट्यांतून तो शब्द पटावर मांडून गुण मिळवावे, ऐसा शिरस्ता. नियम मात्र कडक होता. राजाने लांबी आणि अक्षरे विचारावी, पागनिसाने विचारले तेवढेच सांगावे; आपल्या मनाने सल्ला पागनिसाने देऊ नये आणि दरबारातील इतर कोणी देऊ नये.

महाराज दिलदार आणि हसतमुख, प्रजा सुखी. एकच वेड होते, ते लांब शब्दांचे. त्यातही एलिफंट हा आठ अक्षरी शब्द एकदा तरी पटावर उभा करावा, ही त्यांची वीस वर्षांची हौस. "दुसऱ्यांच्या दारी खरे हत्ती झुलतात," ते म्हणत, "आमच्या पटावर तरी एक झुलू दे."

त्या दिवशी नदीपलीकडील रावसाहेब वार्षिक डावास आले आणि आधी भोजन जाहले. मुदपाकखान्यावर सगुणाबाई होत्या, त्या रायाजींच्या पत्नी. त्यांनी फणसाच्या रसाची सांदणे करून नारळाच्या दुधाबरोबर वाढली आणि रावसाहेबांनी ती इतकी खाल्ली की शेल्याची गाठ सैल करावी लागली. मग ते म्हणाले, "महाराज, यंदा कोरडा डाव नको. आम्ही हरलो तर आमची रंगीत नाव आपली. आम्ही जिंकलो तर सांदणे करणारी बाई वर्षभर आमच्या मुदपाकखान्यात." महाराजांचे पोट भरलेले आणि मन मोकळे होते. ते म्हणाले, "लावला पण!"

हे वर्तमान सांगावयास रायाजी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी उभे राहून म्हणाले,

"अगं, तुला पणाला लावलंय."

"कुणी?"

"महाराजांनी."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी पागेच्या चाव्या घेऊन उभा होतो."

"शाबास! आषाढात कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. तिला डिंकाचे लाडू कोण वळून घालणार? रावसाहेब? की तुमच्या त्या चाव्या?"

रायाजी पागेत परतले आणि डाव सुरू जाहला.

आरंभी महाराजांची सरशी होती. मग त्यांच्या हाती एल, पी, एच, ए, एन आणि टी ऐशी सहा अक्षरे गोळा जाहली, पटावर एक ई मोकळी उभी होती आणि हत्तीस दुसरी ई तेवढी कमी राहिली. तेव्हा महाराजांचा चेहरा उजळला आणि राज्याचे ग्रह फिरले. कारण ती सहा अक्षरे ते हातची सोडीनात. प्रत्येक खेळीस सातवी सोंगटी थैलीत टाकावी, दुसरी काढावी, ती ई नसावी, आणि खेळी गुणांवाचून जावी. इकडे रावसाहेब फॅमिली ऐसा सहा अक्षरी शब्द मांडून पुढे गेले, आणखी एक मांडून आणखी पुढे गेले, आणि सुपारी कातरीत बसले. महाराज मात्र दर खेळीस पुकारीत, "आठ अक्षरे, पहिले ई, शेवटी टी, मधे पी!"

"एलिफंट, महाराज."

"आहे ना पागेत?"

"आहे, महाराज. तिथेच आहे."

रायाजींचा आवाज दर खेळीस खाली जात होता. उपाय त्यांस दिसत होता, कारण दारापाशीच्या दोन ओळी तुडुंब भरल्या होत्या. पण विचारल्याखेरीज बोलणे मना, म्हणून ते मुकाट्याने घाम पुशीत राहिले.

तेव्हा हाताला पीठ तसेच घेऊन सगुणाबाई दरबारात आल्या आणि म्हणाल्या, "महाराज, एक विचारू? मघापासून आठांचीच ओळ उघडवताय. बाकीच्या ओळींना काय कुलूप लागलंय?"

"हरकत!" रावसाहेब उठून म्हणाले. "दरबारातील माणसाने सल्ला देणे मना आहे."

"मी दरबारातली कुठं, रावसाहेब? मी पणातली. तुमची ती नाव आहे ना, तशी मी. पणाला लागलेल्या वस्तूनं तोंड उघडू नये, असा नियम असेल तर दाखवा."

रावसाहेबांनी कारभाऱ्याकडे पाहिले, कारभाऱ्याने छताकडे पाहिले. ऐसा नियम कोणी केला नव्हता, कारण ऐसा प्रसंग कोणास सुचला नव्हता. मग रावसाहेब हसून खाली बसले. "आमची नाव काही बोलत नाही, हे तिचे भाग्य म्हणावे की आमचे? बोला, बाई."

"मला दुसरं बोलायचं नाही. महाराज, हत्ती हवा तर खुशाल त्याची वाट बघा. पण मग मी नदीपलीकडे, कुसुम इथं आईवाचून बाळंतिणीच्या खाटेवर, आणि तुमच्या ताटात हत्ती."

महाराजांनी हातच्या सहा सोंगट्यांवरून एकवार बोट फिरविले, मग डोळे मिटले आणि हळूच पुकारले, "रायाजी. तीन अक्षरे. पहिले एच, शेवटी टी."

रायाजी धावले ते पागोटे सावरीत धावले आणि दारातूनच ओरडले, "हॅट, हिट, हॉट, हट, महाराज!"

महाराजांपाशी ए होता, म्हणून हॅट निवडली. आणि फॅमिलीतील ए, एम, आय यांच्या बरोबर खाली एच, ए, टी ही तीन अक्षरे मांडली, तो आडवी हॅट जाहली आणि उभे आह, मा, इट हे तीन दोन अक्षरी शब्द आपोआप उभे राहिले, आणि एका खेळीत चार शब्दांचे गुण पदरी पडले. रावसाहेबांच्या हातची सुपारी खाली पडली. "ही तट्टे कुठे लपविली होती?"

"दाराशीच होती," महाराज म्हणाले. "येताजाता आम्हीच कधी पाहिली नाहीत."

मग त्यांनी थैलीत हात घालून नव्या सोंगट्या काढिल्या. पहिलीच ई निघाली. महाराजांनी ती सर्वांस दाखविली, आणि आधी ते स्वतः हसले, मग रावसाहेब हसले, मग सगळा दरबार पोट धरून हसला. त्याच ई ने त्यांनी पेन मांडला, पुढे बारीकसारीक जागा शोधून जमेल ते मांडीत गेले, आणि अखेरीस दोन गुणांनी डाव जिंकला. रायाजी पागेच्या उंबऱ्यावरच मटकन बसले. सगुणाबाई म्हणाल्या, "बसलात काय? उठा, डिंक आणायचाय."

रावसाहेबांनी नाव दिली आणि तीच परत जाण्यास उसनी मागितली. सगुणाबाईंनी तीत सांदणांचा डबा ठेविला आणि बजावले, "डबा रिकामा परत आणायचा नाही हं."

तात्पर्य, मुदपाकखाना राखला, नाव मिळाली, हत्ती तेवढा राहिला. आषाढात कुसुमेस मुलगी जाहली, बाळबाळंतीण सुखरूप, लाडू आईच्या हातचे. तेच सुमारास हुकूम सुटला की यापुढे कोणी कोणास विचारल्यावाचून पणास लावू नये, आणि लावल्यास त्याने आपले जेवण आपण रांधावे. शिक्का महाराजांचा, भाषा सगुणाबाईंची. लेखनसीमा.