फ्यूज आबांच्या खिशात

आमचे शेजारी आबा साळवी घरातला साधा बल्ब बदलायचा झाला तरी आधी मेन स्विच पाडतात, फ्यूज उपसतात, तो शर्टाच्या डाव्या खिशात घालतात, खिशाची गुंडी लावतात आणि मगच स्टुलावर चढतात. एवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण एकदा ते माझा पंखा दुरुस्त करायला आले, मध्येच चहा प्यायले, भाचीच्या साखरपुड्याची आठवण झाली आणि माझा फ्यूज खिशात घेऊन लांज्याला निघून गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत शाळेच्या हजेरीपटाने वारा घेत बसलो.

आबांनी उभा जन्म विजेच्या खांबांवर काढला. लाइनमन म्हणून लागले आणि लाइनमन म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या कामाचा एक नियम होता. माणूस खांबावर चढला की फ्यूज खालच्या माणसाच्या खिशात. वरचा खाली उतरून स्वतःच्या तोंडाने "उतरलो" म्हणत नाही तोवर फ्यूज कुणाला द्यायचा नाही, मग साहेब आला तरी बेहत्तर. एकदा म्हणे कुणी पुढारी घरात अंधार झाला म्हणून खांबाखाली येऊन आरडाओरडा करू लागला. आबांनी खिशावर हात ठेवला आणि सांगितलं, "बोंबला. माजा माणूस वर हाय."

नोकरी सुटली, पण हात सुटला नाही. बोलताना, चालताना, देवाला नमस्कार करतानासुद्धा आबांचा उजवा हात मधूनच डाव्या खिशावर जातो.

गाडी घेतली तीही विजेची. सेकंडहँड, पांढरी, लहानशी. मी म्हटलं, "आबा, अजून दोनचार वर्षं थांबायचं होतंत." तर म्हणाले, "मास्तर, पेट्रोल माज्या वळखीचं नाय. वीज वळखीची हाय. तिचा स्वभाव मला ठाव." त्या गाडीचं त्यांना एकच दुःख होतं, तिला बाहेरून काढता येईल असा फ्यूज नव्हता. मग चावीलाच ते फ्यूज म्हणू लागले.

पावसाळा सरता सरता त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. खड्डा आला की टक्. दुसरी एखादी गाडी असती तर इंजिनच्या घरघरीत तो ऐकूही आला नसता. पण आबांची गाडी मुकी. त्यात ते टक् असं वाजायचं, जसं कुणी देवळात शिंकावं.

एरवी आबांनी ते टक् चालवूनही घेतलं असतं. पण येत्या शुक्रवारी सकाळच्या रेल्वेने मालतीकाकू मुंबईहून यायच्या होत्या. मालतीकाकू म्हणजे आबांच्या सौभाग्यवती. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतर त्या मुलाकडेच राहिल्या होत्या. डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली ती एका अटीवर, हिसका बसता कामा नये. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर काकू फोनवर कडाडल्या, "ॲम्ब्युलन्समधून वाडीत शिरले तर बाया पदर डोळ्याला लावून जमतील. आपल्या गाडीनं न्या, नायतर हितंच ऱ्हाते."

ऑपरेशनच्या वेळी आबा मुंबईत होते. पण ते वॉर्डातल्या प्रत्येक यंत्राजवळ जाऊन "ह्याची लाइन कोण बघतो?" असं विचारू लागले, तेव्हा मुलाने चौथ्या दिवशी त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून त्यांचा डावा खिसा जरा फुगलेला दिसायचा. मी एकदा विचारलं, "काय आहे त्यात?" म्हणाले, "फ्यूज." म्हटलं, "कसला?" तर खिशावर हात ठेवून पुढे चालू लागले. मीही नाद सोडला. आबांच्या खिशात फ्यूज असणं यात नवल ते काय?

कंपनीच्या माणसांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. आबा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मला गाडी न्हेऊन काय करायचीय?" शेवटी नाचण्याच्या रस्त्यावरच्या इरफानचं गॅरेज गाठलं. पूर्णगडचा हा इरफान हाताला गुणी. त्याने चाक धरून वरखाली हलवलं, पहारीने खालून एक हिसका दिला आणि निदान सांगितलं, "लोअर आर्म गेलाय, काका." लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा लोखंडी हात. त्याचा चाकाकडचा सांधा सैल झाला होता आणि गाडीकडच्या टोकांची रबरी बुशं, म्हणजे हिसका गिळणाऱ्या गाद्या, फाटली होती. बॅटरीमुळे गाडी वजनदार आणि आमच्याकडचे खड्डे खानदानी, त्यामुळे बिचाऱ्या हाताने तरी किती दिवस तोलायचं?

नवा आर्म कोल्हापूरहून गुरुवारी सकाळी आला. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मदतीला मी गेलो. मदत म्हणजे पाने उचलून द्यायचे आणि आबांना आवरायचं. यातलं पहिलं मला जमलं.

इरफानने विजेची गाडी कधी खोलली नव्हती. तो जरा बिचकत होता. आबा रंगात आले. "नारिंगी वायर दिसली की तिकडे हात न्यायचा नाय. बॅटरीखाली जॅक लावायचा नाय. बाकी गाडी ती गाडीच." आणि चावी काढून पँटच्या खिशात घातली. पंचाईत झाली ती इथे. इरफान खाली झोपून काम करत होता आणि त्याला जागा व्हावी म्हणून स्टेअरिंग वळवायला हवं होतं.

"काका, चावी द्या जरा."

"आधी भायेर ये."

"अहो, नुसतं स्टेअरिंग फिरवायचंय!"

"माणूस खाली असताना फ्यूज नाय मिळायचा. भायेर ये, 'आलो' म्हण, मग देतो."

इरफान सरपटत बाहेर यायचा, "आलो" म्हणायचा, आबा स्टेअरिंग वळवायचे, चावी परत खिशात, इरफान परत खाली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी इरफान नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं.

जुना आर्म निघाला, नवा बसला. इरफानने बुशाचे बोल्ट मुद्दाम सैल ठेवले, "हे गाडी खाली उतरवल्यावर," म्हणाला आणि चहा सांगायला गेला. तो म्हणाला ते मी ऐकलं. आबांनी फक्त सैल बोल्ट बघितले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सैल नट मागे ठेवून खांब सोडला नाही, त्याला ते कसं बघवावं? मी चहाच्या दिशेने तोंड करून उभा होतो तेवढ्यात आबा वाकले आणि त्यांनी ते सगळे बोल्ट आपल्या हाताने करकचून आवळले. गाडी अजून जॅकवर होती, चाक हवेत लोंबत होतं. इरफान आला, बोल्ट आवळलेले दिसले, त्याला वाटलं आपणच आवळले असतील. चहाला वेळ झाला की असं होतं. नंतर चाकांची अलाइनमेंट झाली आणि आम्ही निघालो.

आता ट्रायल. आबांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले, डोक्याखाली काकूंची उशी घेऊन. "ती अशीच निजणार. चला, स्टेशन ते घर." मी स्टेशनच्या आवारातून हळूहळू निघालो. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आबांनी सोयऱ्यांची नावं दिलेली आहेत. मागून सूचना येत होत्या, "पुढे मेव्हणा हाय, डावीकडनं काढ. आता विहीणबाय, हळू, ती दोन्हीकडनं लागते."

टक् गेलं होतं. पण गाडी भलतीच ताठ झाली होती. मेव्हण्यातून गेलो तर आबा सीटवरून वीतभर उडाले. भाट्याच्या पुलावर जिथे जिथे सांधा आला, तिथे डावं चाक कण्हल्यासारखं कुंईं करायचं आणि मागे आबाही. पूल ओलांडल्यावर मी गाडी थांबवली. आबा उठून बसले होते. चेहरा उतरला होता.

"मास्तर, हे असं तिला नाय न्हेता येणार."

दुपारचे चार वाजले होते. काकूंची रेल्वे सकाळी सातला. आम्ही आल्या पावली परत फिरलो.

इरफानने गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली, म्हणजे गाडी चाकांवर उभी आणि तो खड्ड्यात खाली. टॉर्च मारून बघितलं आणि खालूनच ओरडला, "हे बोल्ट कोणी आवळले?"

आबा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "मी."

"काका, चाक लोंबत असताना रबर आवळलंत. आता गाडी उभी ऱ्हायली की ते पिळवटतं. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या मापानं विजार शिवलीत तुम्ही, आता उभ्यानं काचणारच!"

"मग?"

"मग काय? सोडायचं, वजन गाडीवर असताना परत आवळायचं. अर्धा तास."

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. पण ते उठले नाहीत. "वजन कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"गाडीचंच. तेवढं पुरतं."

"नको. उद्याचं वजन ठेवून आवळ." आणि आबा समोरच्या वाण्याकडे गेले. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं हमालाकडून मागच्या सीटवर निजवलं. मग त्यावर मोजून चार किलो नारळ रचू लागले.

मी म्हटलं, "आबा, काकू साठ किलोच्या तरी असतील."

"व्हती. आता चोपन्न. परवा त्रेपन्नावर गेलेली, काल परत चोपन्न झाली." नारळ नीट लावता लावता म्हणाले, "रोज फोनवर इचारतो. दुसरं काय इचारायचं ते सुचत नाय."

इरफानने खड्ड्यातून मान वर काढून आबांकडे बघितलं. मग एकेक बोल्ट सोडला आणि परत आवळला. या वेळी तो "आलो" म्हणाला तेव्हा कुणी मागितलंही नव्हतं.

शुक्रवारी काकू आल्या. मुलाने आणि आम्ही मिळून त्यांना गाडीत निजवलं, मुलगा सामान घेऊन रिक्षाने मागून निघाला. आबा चालवत होते, मी शेजारी. मेव्हणा गेला, विहीणबाई गेली, भाट्याचा पूल आला. मी श्वास धरून बसलो होतो. चाक हूं की चूं करेना. समुद्रावरचा वारा आत येत होता आणि आबा पुलावरून गाडी अशी नेत होते, जशी काठोकाठ भरलेली ताकाची वाटी न्यावी. आमच्या गावात, फणसोपात, घरासमोर गाडी उभी राहिली.

मागून काकूंचा झोपाळू आवाज आला, "अहो, निघताय की नाय? किती वेळ स्टेशनातच उभे?"

मला हसू आवरेना. आबांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

काकूंना आत नेऊन पलंगावर निजवलं. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात आबांनी डाव्या खिशाची गुंडी सोडली. आतून हॉस्पिटलच्या कागदाची एक पुडी निघाली, घामाने मऊ पडलेली. पुडीत काकूंचं मंगळसूत्र होतं आणि कुड्या. ऑपरेशनला नेताना नर्सने हे दोन्ही काढून आबांच्या हातात दिलं होतं.

"उतरलीस ना खाली?" आबांनी विचारलं.

काकूंना काही कळेना. "म्हंजे काय?"

"तू म्हण गो, उतरले म्हण."

"बरं, उतरले बाय. झालं?" मग पुडीकडे लक्ष जाऊन त्या म्हणाल्या, "अहो, दोन महिने हे खिशात घेऊन फिरलात? कुठे पडलं असतं तर? मुलाकडे द्यायचं, नायतर कपाटात ठेवायचं."

"माणूस वर असताना फ्यूज कपाटात नाय ठेवत," आबा म्हणाले.

काकूंनी पुडी घेतली. आबांचा हात सवयीने खिशावर गेला, रिकामा खिसा त्यांनी दोनदा चाचपला आणि माझ्याकडे बघून हसले. "बरं वाटतं, मास्तर," म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसले.